तीन कोरे सारे

“काय रे रंगनाथ, गव्हाला खोकला झालाय का?”

बांधावरून तात्यांनी विचारलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान वर केली नाही. जमिनीत चर खणून केलेल्या चुलीवर गुळाची जुनी काहील चढवली होती. तिच्यात कडब्याचं पाणी रटरटत होतं आणि अण्णा एक काठी त्यात उभी बुडवून ओल कुठवर येते ते बघत होते.

“खोकला नाही,” ते म्हणाले. “गव्हाच्या शेजाऱ्याला भूक फार आहे. ती कमी होते का बघतो.”

“आणि माझ्या गाईंची भूक? गंजीतल्या पंधरा पेंढ्या उकळल्यास तू. वर साखर देऊ का घालायला?”

“साखर नको. काड्या सरकवा थोड्या इकडं.”

तात्या हसले, आणि पायाजवळची काड्यांची मोळी खरंच आमच्याकडे लोटून निघून गेले.

मी चुलीत त्या काड्या सारत होते. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, चटकन पेटणाऱ्या. डोळ्यांत धूर, केसांत राख, आणि तरी मला सारखं हसू येत होतं. मी एकवीस वर्षांची होते, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, आणि छापील कागदावर वाचलेली गोष्ट आपल्याच शेतात, आपल्याच काहिलीत उकळताना मी पहिल्यांदा पाहत होते.

अण्णा गेले त्याला आता चार महिने होतील. माणसं भेटायला येतात, त्यांच्याजवळच्या आठवणी सांगतात, मी ऐकते. माझ्या मनात मात्र दुसरं काही यायच्या आधी ते पंधरा दिवस येतात.

आमचं शेत निफाडच्या खालच्या अंगाला, गोदाकाठी. ते तात्या बघत, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. अण्णांनी तीस वर्षं नाशिकच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात काढली, काढा खात्यात. कारखाना दुसरीकडे हलला तेव्हा ते आईला घेऊन गावी परतले. त्याला सहा महिने झाले होते आणि सहा महिन्यांत शेतातली एकही गोष्ट त्यांना विचारून ठरली नव्हती. तात्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून पिकाला पाणी भरणाऱ्या माणसाला विचारायचं तरी काय, हे त्यांना खरोखर सुचत नसे.

त्या वर्षी दोन एकर गहू होता आणि गव्हाच्या जोडीने चंदनबटवा उगवला होता. भाजी म्हणून चवीचा, पण गव्हात आला की लुटारू. गव्हाचं पाणी पितो, गव्हाचं खत खातो आणि बघता बघता गव्हाच्या डोक्यावर जाऊन बसतो. खुरपायला बाया मिळत नव्हत्या. डिसेंबरात आमच्याकडच्या सगळ्या बाया द्राक्षाचे घड विरळायला बागांत गेलेल्या असतात. मग तात्यांनी तणनाशकाची बाटली आणून ओसरीवर ठेवली. गव्हासारख्या पातीच्या पिकाला ते औषध काही करत नाही. रुंद पानाच्या तणाला तेवढं पिळून मारतं.

पण द्राक्षाचं पानही रुंदच. आणि आमच्या बांधाला लागून चंद्रकलामावशींची बाग होती.

मावशी बाटलीची बातमी ऐकून काहील पेटवायच्या आदल्याच दिवशी ओसरीवर येऊन बसल्या होत्या. चहाला नको म्हणाल्या.

“तात्या, मणी आता कुठं बाजरीएवढे झालेत. मागच्या साली पलीकडच्या अंगाला कोणी मारलं हे औषध. नुसत्या वाऱ्यानं माझ्या दोन ओळी गेल्या. पानं अशी आखडली, मोडक्या पंख्यासारखी.”

“वारा पडल्यावर मारीन.”

“वारा तुमचं ऐकतो का?”

“चंद्रकला, मी गहू पेरलाय, चंदनबटवा नाही पेरला. तो तसाच वाढू देऊ?”

दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत होती. आई दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. तेवढ्यात अण्णा बोलले.

“तात्या, मागच्या साली कडब्याची गंज होती ती जागा बघितली का तुम्ही? पावसाळाभर तिच्यातून पाणी झिरपलं. आजूबाजूला गवत माजलंय. तिथं मात्र अजून जमीन उघडी आहे.”

“मग?”

“मग काही नाही. कडब्यात काहीतरी असावं.”

“आहेच!” मी इतक्या जोरात ओरडले की मावशी दचकल्या. “अण्णा, आहेच! मी वाचलंय हे!”

कॉलेजच्या वाचनालयात एका जाड अंकात मला तो लेख सापडला होता. ज्वारीच्या ताटांत आणि मुळांत अशी द्रव्यं असतात की शेजारच्या रोपांची वाढ खुंटते. काही लोकांनी कडब्याचं पाणी आटवून गव्हात फवारून पाहिलं होतं, आणि गव्हाला फारसा त्रास न होता तण मागे राहिलं होतं. मी हे सगळं एका दमात सांगितलं. तात्यांनी मध्येच जांभई दिली. अण्णा मात्र उठून माझ्यासमोर येऊन बसले.

“पाणी किती?”

“एकाला दहा. रात्रभर भिजवायचं, गाळायचं, मग विसावा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं.”

“विसावा,” ते स्वतःशीच म्हणाले. “आम्ही आठवा करायचो. विसाव्याला बुडाशी करपेल. आच मंद लागेल.”

त्यांचे डोळे असे चमकताना मी कधी पाहिले नव्हते. बारा वर्षांच्या मुलीसारखी मी त्यांच्याकडे बघत राहिले.

तात्यांनी शेवटी मांडीवर थाप मारली. “ऐका. गहू आज अठरा दिवसांचा आहे. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तो तेहतीस दिवसांचा होईल. त्याच्या पुढं औषध मारता येत नाही, गव्हालाच बाधतं. तोवर खेळा तुम्ही बाप-लेक. रविवारी सकाळी तण मागं हटलेलं दिसलं तर बाटली परत. नाही दिसलं तर मी पंप भरणार. आणि चंद्रकला, मग तू मला अडवायचं नाही.”

मावशींनी मान हलवली. जाताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, “काड्या पाहिजे तेवढ्या ने माझ्या बागेतल्या. जाळ कमी पडू देऊ नको गं.”

म्हणून ती काहील. सकाळी पेटवली ती उन्हं कलेपर्यंत. अण्णा जागचे हलले नाहीत. बुडबुडे मोठे झाले की जाळ ओढायला लावायचे, लहान झाले की सारायला. शेवटी पाणी काळपट झालं, त्याला मळीसारखा वास सुटला. अण्णांनी बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

“अण्णा!”

“जीभ धरतंय,” ते म्हणाले. “झालं.”

दोनशे लिटरचं दहा लिटर उरलं होतं. आईच्या जुन्या लुगड्यातून गाळून आम्ही ते दोन कॅनमध्ये भरलं. सोमवारी फवारणी. अण्णांच्या पाठीवर पंप, माझ्याकडे पाण्याच्या बादल्या. आमच्याकडे गव्हाला पाणी देण्यासाठी लांबलांब वाफे बांधतात, त्यांना सारे म्हणतात. शेताच्या मधोमध मी तीन सारे कोरे ठेवायला लावले. काढा फवारलेलं आणि न फवारलेलं शेजारी-शेजारी दिसलं तरच फरक कळणार, हे अण्णांना समजवावं लागलं नाही. त्या तीन साऱ्यांच्या टोकांना मी काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी दवात ओणवी होऊन मी कंपासपेटीतली पट्टी रोपांना लावायची. चौथ्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी काही नाही. तात्या जाता-येता विचारत, “बसला का खोकला?” आठव्या दिवशी मला वाटलं की कोऱ्या साऱ्यातली रोपं जरा उंच आहेत, पण मला तसं वाटायलाच हवं होतं, म्हणून मी ते वहीत लिहिलं नाही. नवव्या दिवशी लिहिलं. कोऱ्यातली रोपं दोन बोटं पुढे होती! मी शेतातून ओरडतच घरी आले.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकांसाठी मला नाशिकला जावं लागलं.

“तुम्ही रोज बघा,” मी अण्णांना बजावलं.

“नाही बघणार,” ते म्हणाले. “सारखं झाकण उघडलं की काढा बिघडतो. रविवारीच बघू, सगळे मिळून.”

शनिवारी अंधार पडताना मी परतले. जेवताना तात्या खुशीत होते. भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली. मी ताटावरून लवकर उठले.

रविवारी उजाडलं तेच धुक्यात. आठच्या सुमाराला ऊन वर आलं आणि आम्ही शेतावर गेलो. तात्यांच्या पाठीवर रिकामा पंप होता, खिशात ती बाटली. बांधापलीकडे मावशी तारेला हात लावून उभ्या होत्या. त्यांच्यामागे बागेची पहिली ओळ, हिरवे मणी उन्हात चमकणारे.

तात्या फवारलेल्या साऱ्यात उतरले, वाकले, आणि एक रोप उपटून वर धरलं. चार बोटांचं, पण हिरवं आणि ताठ.

“हे काय? जिवंत आहे की!”

“ते मरत नाही तात्या, खुंटतं!” मी म्हणाले. “नुसतं बघून नाही कळायचं. कोऱ्या साऱ्यातलं बघा, तिकडे चला!”

मी पुढे पळाले. लाल चिंध्या दिसत होत्या. तिथे पोहोचले आणि माझे पाय थांबले.

तिन्ही सारे स्वच्छ होते. नुसता गहू. चंदनबटव्याचं एक पान नाही. कोणीतरी हाताने साफ केल्यासारखी जमीन भुसभुशीत झालेली.

तात्या मागून आले. त्यांनी तिन्ही साऱ्यांवरून नजर फिरवली आणि पोट धरून हसायला लागले. “वा! काढा मारला तिथं तण आहे, नाही मारला तिथं काहीच नाही. रंगनाथ, तुझा काढा तणालाच लागू पडला की रे!”

बांधावर मावशींनी तारेवरचा हात काढून घेतला. तात्यांनी पाठीवरचा पंप खाली ठेवला आणि झाकण फिरवायला सुरुवात केली. मला रडू येत होतं आणि ते तात्यांसमोर यायला नको होतं.

तेवढ्यात आई चहाची किटली घेऊन आली.

“झालं का बघून?” तिने विचारलं. मग माझं तोंड बघून म्हणाली, “काय गं?”

“कोणीतरी कोरे सारे उपटलेत, आई.”

“कोणीतरी काय? मी उपटले.”

“तू?”

“मग? चिंध्या बांधून ठेवल्या होत्या, मला वाटलं तुमचे फवारायचे राहून गेले. तिथं तण हे एवढं माजलेलं. उद्या तात्या बघणार, ह्यांना बोलणार. म्हणून काल दुपारी बसले आणि काढून टाकलं सगळं.”

“आई, अगं तेच तर ठेवायचं होतं!”

“हे मला कोणी सांगितलं?” किटली खाली ठेवून आई म्हणाली. “सगळ्या गावाला सांगितलंत. मला कोणी सांगितलं?”

ते खरं होतं. आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं, तिला सोडून.

“आणि वाया नाही घालवली मी,” ती पुटपुटली. “चार दिवस भाजी झाली घराची. पहिल्यांदा भाजीला आले तेव्हा ह्या कडेच्याच साऱ्यांत बसले होते, जवळ पडतं म्हणून. पण काही हाताला लागेना. एवढंएवढंसं रोप, नखाएवढी पानं. खुडण्यात वेळ आणि निवडण्यात वेळ. मग उठून चिंध्यांजवळ गेले. तिथं कशी लुसलुशीत होती, वीतवीत.”

तात्यांचा हात पंपाच्या झाकणावर होता तिथेच राहिला.

“पुन्हा सांग,” अण्णा म्हणाले.

“काय पुन्हा सांगू?”

“कडेच्या साऱ्यात काय होतं?”

“सांगितलं की. खुडण्यासारखं काही नव्हतं. विचारा ह्यांना,” तिने तात्यांकडे मान वळवली, “काल दोनदा भाजी घेतली. ती सगळी चिंध्यांजवळची.”

“आई, शिल्लक आहे का त्यातली?” माझा आवाज चिरकला.

“आहे की. शेवटच्या साऱ्यातली पाटीभर आहे. ओल्या फडक्यात ठेवलीय, आजच्या…”

मी पुढचं ऐकलं नाही. चपला बांधावर टाकल्या आणि पळत सुटले. दोन शेतं, एक ओढा, घराची मागची बाजू. न्हाणीच्या सावलीत पाटी होती, वर ओलं फडकं. मी ती डोक्यावर घेतली आणि तशीच मागे धावले. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं, मला थंडी लागत नव्हती. धावताना मी मोठमोठ्याने काहीतरी बोलत होते. काय ते आठवत नाही.

तात्यांनी तोवर खांद्यावरचं उपरणं जमिनीवर पसरलं होतं. मी पाटी त्यावर उपडी केली. मुळं तोडलेली, पण ताजी, टवटवीत रोपं. तात्यांनी एक उचललं आणि वीत लावली. वीत भरून वर बोट उरलं.

“हा अख्खा एक सारा?” त्यांनी आईला विचारलं.

“एक. हा शेवटचा.”

तात्या शेजारच्या फवारलेल्या साऱ्यात जाऊन बसले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत त्यांनी चंदनबटव्याचं एकूण एक रोप उपटलं. मातीत दडलेलं पिटुकलंसुद्धा सोडलं नाही. परत येऊन त्यांनी ते उपरण्यावर ओतलं, आईच्या ढिगाच्या शेजारी.

त्यांचा ढीग आईच्या ढिगाच्या अर्ध्याहून कमी होता. रोपं चार बोटांची, खालची पानं पिवळी.

“बघितलं!” मी उडीच मारली. “मावशी, बघितलं का?”

मावशी तार ओलांडून आमच्या बांधावर आल्या होत्या. त्यांनी एक हात तोंडावर धरला होता.

तात्या मात्र उकिडवे बसून राहिले. दोन्ही ढिगांतली रोपं उलटीपालटी करत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि थेट अण्णांकडे पाहिलं.

“रंगनाथ, हे उरलेलं तण माझा गहू खाणार नाही, असं लिहून देतोस?”

हो म्हणा, अण्णा. फक्त हो म्हणा. एकच तर अक्षर.

“नाही देत,” अण्णा म्हणाले.

मावशींनी डोळे मिटले.

“हे मेलेलं नाही,” अण्णा सावकाश बोलत होते. “मागं राहिलंय. आता गहू वर जाईल आणि हे त्याच्या सावलीत बसेल, असं मला वाटतं. वाटतं. मध्येच आभाळ आलं, पाऊस झाला, तर काय होईल ते मला माहीत नाही. गव्हाचा उतारा थोडा कमी पडेल का? पडू शकतो. माझा हा पहिलाच घाणा आहे.”

मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. जिंकलेलं सगळं ते आपल्या हातांनी परत देत होते.

“तीस वर्षं काढे विकलेस,” तात्या म्हणाले, “आणि एवढं बोलता येत नाही तुला?”

“विकले नाहीत. शिजवले.”

तात्या उठले. गुडघ्यांवरची माती झटकली. खिशातून ती बाटली काढून त्यांनी हातात तोलली.

“दुकानदाराला मी विचारलं होतं,” ते म्हणाले, अण्णांना नाही, मावशींना. “म्हटलं, शेजारी द्राक्षं आहेत, काही होईल का? म्हणाला, काय होत नाही तात्या, लिहून देतो. कागद पेन पण काढलं त्यानं. तुझ्या दोन ओळी गेल्या ते मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तरी तो लिहून द्यायला तयार होता.”

मग ते अण्णांकडे वळले.

“आणि हा बघ. दोन ढीग समोर पडलेत, तरी नाही म्हणतो.”

मग त्यांनी बाटली आईच्या हातात दिली. “किटलीबरोबर घरी ने. उद्या परत करतो.” आणि अण्णांना म्हणाले, “तुझं ते काळं पाणी उरलंय का?”

“अर्धा कॅन आहे. पेरूखाली.”

“दुसरा हात मारायचा असतो का त्याचा?”

“मारला तर बरं.”

“मग आणून भर. मी मारतो. तुझं पंप मारणं बघितलंय मी, अर्धं पाणी धोतरावर घेतोस.”

“मी धोतर कुठं नेसतो?”

“तेच म्हणतोय. नेसत जा.”

मावशी मोठ्याने हसल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. आई कपांत चहा ओतायला लागली. मी दोन्ही बादल्या उचलून पाटाकडे पळाले, भरल्या, आणि परत आले तेव्हा अण्णा पंपापाशी खाली बसले होते. काढ्याचा कॅन त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

काळी धार पंपाच्या तोंडात पडत नव्हती. ती गाळणीच्या कडेवर, पंपाच्या अंगावर, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर उडत होती. त्यांचे हात थरथरत होते. उकळत्या हंड्यांवर तीस वर्षं वाकलेले हात. एवढ्या पंधरा दिवसांत जे एकदाही कापले नव्हते ते आता मनगटापर्यंत कापत होते, आणि अण्णा ते थांबवायला बघत होते, आणि ते थांबत नव्हते.

तेव्हा मला कळलं की ‘नाही’ म्हणताना त्यांना ‘हो’ माझ्यापेक्षा किती जास्त हवा होता.

तात्यांनी ते पाहिलं असणार. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि पंपाच्या पट्ट्याचं बक्कल उगाच उघडून पुन्हा लावत बसले.

मी बादल्या खाली ठेवल्या, अण्णांच्या शेजारी बसले आणि कॅनला खालून हात लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. धार सरळ झाली.